धाकू मास्तरांचा नंबर

ज्या दिवशी मी दोन हजार शर्टांच्या टॅगवर धाकू मास्तरांचा स्वतःचा मोबाइल नंबर छापला, त्या दिवशी ऑफिसात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या. टॅग हातात घेऊन केयूर म्हणाला होता की ह्यात आत्मा आहे. आत्म्याचं मला माहीत नाही. नंबर मात्र कस्टमर केअरचा हवा होता, तो नव्हता.

'संथ' हे आमच्या कंपनीचं नाव. पवईला तलावाशेजारच्या एका काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर बसून आम्ही पुरुषांसाठी शर्ट विकतो. साधे नव्हेत. सेंद्रिय कापसाचे, हातमागावर विणलेले आणि नैतिक रीतीने शिवलेले. एकाची किंमत चार हजार दोनशे. आमच्या गावी, मानवतला, एवढ्यात नवरदेवाचे आणि वर त्याच्या दोन मेव्हण्यांचे कपडे होतात. 'नैतिक' म्हणजे नेमकं काय हे मी मुलाखतीत विचारलं नाही, बहुधा म्हणूनच मला नोकरी लागली.

कंपनी केयूरची. तो मुलुंडचा, सुशिक्षित घरातला. दोन वर्षं परदेशात शिकायला गेला आणि तिथे त्याला कळलं की आपण भारतीय आहोत. परत आल्यावर त्याने 'संथ' काढली, कारण जग फार घाईत आहे. हे तो आम्हाला चालता चालता सांगतो; थांबून सांगायला त्याला वेळ नसतो. दुसरी श्रुतिका. कापड, शिलाई, खोके, गाड्या असं ज्याला हात लावता येतो ते सगळं ती बघते. आणि ज्याला हात लावता येत नाही ते मी बघतो, म्हणजे मजकूर. शर्टाला 'सोबती' म्हणायचं, राखाडी रंगाला 'विझलेली चूल', मातकटाला 'भेगाळ' आणि पांढऱ्याला 'ताक'. मी मराठी शाळेत शिकलेला, पण केयूरला माझं इंग्रजी 'मातीतलं' वाटतं. चुकीच्या इंग्रजीला इतका चांगला शब्द मी आधी ऐकला नव्हता.

तर दिवाळीच्या आधी, दुपारी चार वाजता, केयूरला सुचलं की प्रत्येक शर्टाला तो घडवणाऱ्या माणसाची गोष्ट लटकली पाहिजे. साडेसातला छपाईवाला बंद होणार होता. मी अंधेरीच्या आमच्या गाळ्यात फोन लावला. तिथले कटिंग मास्तर म्हणजे धाकू घाडीगावकर. त्यांना पाच प्रश्न विचारले, त्यांनी तीन शब्दांत पाचही उत्तरं दिली, आणि उरलेलं मी मनाने लिहिलं. त्यांचा नंबर मी कच्च्या मजकुराच्या डोक्यावर टिपून ठेवला होता. 'काही विचारायचं असेल तर फोन करा' या ओळीखाली नंबर चिकटवायची वेळ आली, तेव्हा माझ्या हाताला तोच लागला. प्रूफ चौघांनी तपासलं. 'विनम्र बोटं' म्हणावं की 'शहाणी बोटं', यावर चाळीस मिनिटं वाद झाला. नंबर कोणीही वाचला नाही. आकडे वाचणं आमच्याकडे जरा हलकं काम समजतात.

मी टॅगवर लिहिलं होतं की धाकू यांच्या बोटांत तीन पिढ्यांची कला वाहते आणि ते नैसर्गिक प्रकाशात, स्वतःच्या लयीत काम करतात. आता खरं सांगतो. मास्तरांचे आजोबा कणकवलीकडे भात लावायचे. वडील लालबागच्या एका गिरणीत सूतखात्यात होते. आयुष्यभर कापसात राहून त्यांना शर्टाचं तुटलेलं बटण लावता आलं नाही, ते बायकोला हाक मारायचे. आणि प्रकाशाचं म्हणाल तर अंधेरी एमआयडीसीतल्या त्या गाळ्याला एकही खिडकी नाही. शेजारी केकचे खोके बनवणारं युनिट आहे, त्याचं मशीन चाललं की आमचं टेबल थरथरतं. ट्यूबलाइट सहा. त्यातली एक माझ्या नोकरीच्या आधीपासून फडफडते आहे. ती तेवढी स्वतःच्या लयीत काम करते.

मास्तर एकसष्ट वर्षांचे. बुटके, कोरडे, कानामागे खडू. माणसाकडे बघताना ते तोंडाकडे बघत नाहीत, खांद्याकडे बघतात. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "डावा खांदा अर्धा इंच खाली हा तुझा. दप्तर एकाच बाजूक अडकवायचास ना?" मी हो म्हटलं. माझ्या आईलाही हे कधी दिसलं नव्हतं. रस्त्याने चालताना ते लोकांचे फर्मे, म्हणजे कापायचे साचे, मनातल्या मनात काढत चालतात. हा पुढे वाकलाय, ह्याला पाठीत चुणी येणार. हा छाती काढतोय, पण ती छाती नाही, पाकीट आहे. स्वतः मास्तर 'संथ'चा शर्ट कधीही घालत नाहीत. त्यांच्या अंगात पांढरा टेरिकॉटचा, स्वतः शिवलेला, सत्त्याण्णव सालचा शर्ट असतो, आणि संध्याकाळी सातला त्याला सकाळी नऊएवढीच इस्त्री असते. आमच्या करवंटीच्या बटणांबद्दल त्यांचं मत मी एकदा विचारलं. ते म्हणाले, आमच्यात करवंटी चुलीत घालतात. आमच्या सगळ्या रंगांना मिळून त्यांच्याकडे एकच नाव आहे: मळका.

हे टेबल त्यांच्यासाठी काय होतं, ते मला एकदा वनमालाकाकूंनी सांगितलं. काकू म्हणजे त्यांची बायको. घर घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवर. आधीची एक्स्पोर्टची फॅक्टरी बंद पडली तेव्हा मास्तर सत्तावन्नचे होते. आता कापड संगणकावर आखतात आणि मशीनने कापतात. हाताने कातर चालवणारा म्हातारा कोणाला हवा? मग चौदा महिने ते मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन होते. नोकरीला ते कमी लेखत नव्हते. त्यांना छळायचा तो युनिफॉर्म. कॉलरचं एक टोक वर, एक खाली. कोणत्या तरी गाढवाने कापलेला तो शर्ट अंगात घालून बारा तास खुर्चीवर बसायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने आपला तो गळा बघायचा. काकू म्हणाल्या, रोज घरी आले की आधी शर्ट काढून भिंतीकडे तोंड करून टांगायचे. 'संथ'चं टेबल मिळालं तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशी गूळ नेला होता. हे टेबल गेलं तर पुढे ती खुर्ची होती, आणि ती कॉलर.

आणि मी त्यांचा नंबर देशभर पाठवला होता.

तीन आठवडे मला काही कळलं नाही. आमचा कस्टमर केअरचा फोन शांत होता, म्हणून केयूरने एक लांब ई-मेल लिहून सगळ्यांना कळवलं की ग्राहक समाधानी आहे. मग एका दुपारी मी फोटो काढायला गाळ्यात गेलो. मास्तरांच्या एका हातात कातर, दुसऱ्या हाताखाली कापड, आणि मान वाकडी करून खांद्यावर फोन दाबलेला. ते सांगत होते, "साब, दोनों हाथ उपर करो. किया? अब बोलो, शर्ट पँट से बाहर आया? नहीं आया ना? फिर आपको लंबाई का नहीं, मन का प्रॉब्लेम है."

ते फोन ठेवून मला म्हणाले, बरं झालं आलास, आज सकाळपासून अठरा झाले.

मग सगळं बाहेर आलं. पहिला फोन गुरुग्रामहून आला होता. कोणीतरी इंग्रजीत त्यांचं नाव घेतलं, म्हणून बँकेच्या नावाने गंडवणारा समजून त्यांनी कट केला. चौथ्या माणसाला त्यांनीच विचारलं, नंबर कुठून मिळाला बाबा? तो म्हणाला, तुमच्याच शर्टावरून. मग वनमालाकाकूंनी चष्मा लावून टॅग वाचला आणि सांगितलं की अहो, हा तुमचाच की. मास्तरांनी त्यातून एवढाच अर्थ काढला की कंपनीने आपल्याला न विचारता आणखी एक काम दिलं आहे. चाळीस वर्षांत त्यांना सगळी कामं अशीच मिळाली होती, त्यामुळे यात त्यांना वावगं काही दिसलं नाही.

मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. माझी नोकरी पक्की व्हायला महिना राहिला होता. मी म्हणालो, "जमतंय ना, मास्तर?"

"जमताहा," ते म्हणाले. "माणसां बरी असत. जरा वेडी असत."

बंगळुरूच्या एकाने विचारलं होतं की हा कापूस पावसाच्या पाण्यावर वाढलेला आहे का. मास्तर म्हणाले, पाऊस सगळ्याच कापसावर पडतो, तो विचारून पडत नाही. हैदराबादच्या एकाने विचारलं की तुम्ही आनंदी आहात का. मास्तरांनी थोडा विचार करून सांगितलं की जेवायच्या वेळी फोन आला नाही तर असतो. ते जेवत असले की काकू फोन घ्यायच्या. आमच्या टॅगवर शर्ट रिठ्याच्या पाण्यात, पहाटे, मऊ मनाने धुवावा असं मी लिहिलं होतं. काकू सांगायच्या, वडीचा साबण लाव, कॉलर घास, उन्हात टाक, काही होत नाही.

पण बहुतेक फोनांत तक्रार एकच होती. शर्ट ढगळ आहे. आपल्या मापाचा मागवला, तरी मोठाच आला. आणि मास्तर प्रत्येकाला एकच सांगायचे: दोनदा धुवा, मग घाला, मग मला फोन करा. का, असं कोणी विचारलं तर तेही सांगायचे. कापड न भिजवता कापलं आहे.

ही गोष्ट जरा समजून घ्यावी लागेल. हातमागाचं सुती कापड पाण्यात गेलं की आटतं. म्हणून ते आधी रात्रभर भिजवायचं, दिवसभर वाळवायचं, इस्त्री मारायची आणि मगच कातर लावायची. कोणत्याही गावातल्या कोणत्याही शिंप्याला हे माहीत असतं. आमच्या टॅगवरही ठळक अक्षरांत होतं की कापड आधीच आटवून घेतलं आहे. पण दिवाळीचं कापड आठ दिवस उशिरा आलं, आणि विक्रीची तारीख केयूरने आधीच जाहीर केली होती. मास्तर म्हणाले, चार दिवस द्या. केयूर म्हणाला, काका, आज. त्याने हे प्रेमाने, खांद्यावर हात ठेवून सांगितलं. संथ चालणाऱ्या कंपनीची घाई इतर घाईपेक्षा जास्त मायाळू असते.

मास्तरांनी कापलं. पण कापताना प्रत्येक फर्म्याच्या कडेने खडूने एक बारीक जास्तीची रेघ मारली. लांबीला, घेराला, बाहीला, गळ्याला. म्हणजे आटल्यावर शर्ट बरोबर मापात यावा. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर श्रुतिकाने कापडाचा हिशेब काढून नाही म्हटलं असतं. एका शर्टाला सात सेंटीमीटर कापड जास्त गेलं. दोन हजार शर्टांना एकशे चाळीस मीटर.

आणि ते एकशे चाळीस मीटर श्रुतिकाला गोदामात सापडेनात.

तिचा संशय आधी वाहतूकवाल्यावर गेला, मग विणकरांवर. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका गृहस्थाने सोशल मीडियावर शर्टाचा, टॅगचा आणि स्वतःचा असे तीन फोटो टाकून सविस्तर लिहिलं. शर्ट मोठा आला म्हणून टॅगवरच्या नंबरवर फोन केला. शिवणाऱ्या माणसाने स्वतः उचलला. कापड भिजवलेलं नाही, कंपनीला घाई होती, दोनदा धुतलं की बसेल असं स्वच्छ सांगितलं. दोनदा धुतल्यावर खरोखर बसला. शेवटी त्यांनी सुचवलं होतं की कंपनीने शिंपी ठेवावा आणि टॅग लिहिणारा काढावा. चाळीस हजार लोकांना हे पटलं.

श्रुतिकाने टॅग उलटा करून नंबर बघितला, आपल्या फोनमध्ये टाकला, आणि स्क्रीनवर नाव आलं: धाकू मास्तर कटिंग. मग तिने दोन आणि दोन मिळवले. कापड गायब, ग्राहक मास्तरांकडे. म्हणजे मास्तरांनी छपाईवाल्याला पटवून स्वतःचा नंबर घालून घेतला, आणि आमच्या कापडाचे शर्ट आमच्याच ग्राहकांना बाहेरच्या बाहेर विकायचा धंदा मांडला. ही गोष्ट इतकी पद्धतशीर जुळत होती की क्षणभर माझाही तिच्यावर विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना पवईला बोलावलं. तीन वर्षांत ते पहिल्यांदाच ऑफिसात येत होते. तोच टेरिकॉटचा शर्ट, हातात कातरीची पिशवी. टेबलावरून उठल्यावर कातर मागे ठेवायची नाही अशी त्यांची सवय. सातव्या मजल्यावरून तलाव दिसतो. ते एकदा तिकडे बघून म्हणाले, "हंय बराच उजेड आसा," आणि बसले. टॅगवरचा नैसर्गिक प्रकाश कुठे ठेवलाय ते त्यांना तेव्हा कळलं असावं.

आमच्या ऑफिसात कोणी मोठा-छोटा नाही, म्हणून बैठक जमिनीवर गाद्या टाकून होते. केयूर मांडी घालून म्हणाला की हे आरोप नाहीत, हा संवाद आहे. मग श्रुतिकाने संवाद सुरू केला. तिने एकशे चाळीस मीटरचा आकडा सांगितला, टॅग पुढे ठेवला आणि विचारलं की मास्तर, आम्ही काय समजायचं. केयूरने मान खाली घालून सांगितलं की कंपनीच्या मूल्यांत विश्वास पहिल्या क्रमांकावर आहे, त्यामुळे त्यांना आजच थांबवावं लागलं तर त्याला फार वेदना होतील. मास्तरांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मी कोपऱ्यातल्या गादीवर बसून लॅपटॉपवर काहीतरी महत्त्वाचं टाइप करत होतो. ते काय होतं हे मी नंतर वाचलं. तीन ओळी नुसतं 'क' होतं.

मास्तरांनी श्रुतिकाकडे बघितलंच नाही. ते केयूरच्या खांद्याकडे बघत होते.

"केयूरशेठ, अंगातला हो शर्ट कुठला?"

केयूर म्हणाला की ह्याच लॉटमधला, बेचाळीस नंबर, 'भेगाळ'. आणि शेठ म्हणू नका.

"कितीदा धुतलात?"

तीन-चारदा, केयूर म्हणाला.

"ह्याच मापाचो कोरो एक आणा. आणि तुमचो जरा काढून द्या."

केयूरने आपल्याच कंपनीच्या बैठकीत शर्ट काढला. आत बनियन होता, साधा, कोणत्याही मूल्यांविना. मास्तरांनी गाद्या सरकवून फरशी मोकळी केली, कोरा शर्ट पसरला, हाताने चुण्या काढल्या आणि त्यावर केयूरचा शर्ट खांद्याला खांदा लावून ठेवला. कोरा शर्ट चारी बाजूंनी बाहेर डोकावत होता. खाली दीड बोट. बगलेत एक. बाहीला एक.

ते गुडघ्यावर बसून त्या बाहेर आलेल्या कडेवरून बोट फिरवत गेले.

"हा तुमचा कापड," ते श्रुतिकाला म्हणाले. "गेला खय नाय. दोन हजार घरांत गेला. न भिजवता बरोबर मापात कापला असता तर दिवाळीनंतर दोन हजार शर्ट परत आले असते तुमच्या दारात. मगे तुम्ही हिशेब करत बसला असतात."

श्रुतिका हुशार आहे. तिने टेप मागितली, कोरा शर्ट मापला, केयूरचा मापला, फोनवर गुणाकार केला आणि म्हणाली, "सात सेंटीमीटर. बरोबर आहे, केयूर." मग तिने दोन्ही शर्टांच्या घड्या घातल्या. कोऱ्याची जरा हळू घातली.

पण नंबर उरला होता. केयूर बनियनवरच होता, त्यामुळे तो जरा जास्तच गंभीर झाला. कापडाचं एक वेळ ठीक, तो म्हणाला, पण ग्राहकाला तुम्ही सांगितलंत की कंपनीने खोटं लिहिलं. आणि हा नंबर? हा कोणी घातला?

मास्तरांनी टॅग हातात घेतला. तीन आठवडे हा माणूस गुरुग्रामपासून हैदराबादपर्यंत विचारेल त्याला खरं सांगत आला होता. आणि टॅगसाठी त्यांचा नंबर ह्या ऑफिसातून फक्त एकाने, मी, मागून घेतला होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते माझ्याकडे बघायचं टाळून म्हणाले, "ता माका म्हायत नाय. छापणाऱ्याची चूक आसतली."

बस्स. यानंतर मी गप्प राहिलो असतो तर आज माझी नोकरी पक्की असती, आणि ही हकीकत तुम्हाला सांगायला मला तोंड नसतं. मी म्हणालो की नंबर मी चिकटवला. चुकून. गाळ्यात गेलो तेव्हाच मला कळलं, तरी मी बोललो नाही. मला वाटलं होतं आवाज घोगरा येईल, वगैरे. अगदी साधा आला, नाक वाजल्यासारखा. श्रुतिका म्हणाली, "अरे सुबोध, मूर्ख आहेस का तू? ह्यांची वाट लागली असती ना." मी म्हणालो, हो. दोन्ही प्रश्नांना ते एक उत्तर पुरलं.

केयूर खिडकीकडे गेला, तलावाकडे पाठ करून उभा राहिला. तोपर्यंत त्या पुण्याच्या लिखाणाला पंचावन्न हजार लोक झाले होते, आणि लोक खाली विचारत होते की तो फोनवाला शिंपी कोणता ब्रँड आहे. श्रुतिकाने फोन त्याच्यापुढे धरला. केयूरने वाचलं. त्याच्या चेहऱ्यावर वेदनेच्या जागी दृष्टी आली; मी ती ओळखतो, ती आली की मला साडेसातच्या आत काहीतरी लिहावं लागतं. तो म्हणाला की ही चूक नाही, ही पारदर्शकता आहे. नंबर राहू दे. काका फोन घेतील. फक्त काय बोलायचं ते सुबोध लिहून देईल.

मास्तर कातर पिशवीतून काढून पुन्हा पिशवीत घालत होते. ती कुठे ठेवायची हे त्यांना ठरवता येत नसावं.

"माझा टेबल ऱ्हवता?" त्यांनी विचारलं.

केयूर म्हणाला, अर्थात, काका.

"मगे ऐका. लिहून कोण काय देवचा नाय. फोन मी घेईन, माझ्या तोंडान. आणि याच्यापुढे कापड रात्रभर भिजल्याशिवाय मी कातर लावणार नाय. तारीख तुमची, कातर माझी." ते थांबले. वॉचमनच्या खुर्चीपासून ते तेव्हा एका वाक्याच्या अंतरावर होते, आणि हे खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं. "जमत नसात तर आत्ताच सांगा. मी पिशवी घेऊन इलंय."

केयूरने श्रुतिकाकडे बघितलं. श्रुतिका म्हणाली, दोन ड्रम लागतील आणि वाळवायला पॅसेज. तिने होकार असा कधीच दिला नव्हता, खर्चासकट.

आता अंधेरीच्या गाळ्याबाहेर दोन निळे ड्रम आहेत. त्यात कापड भिजतं, आणि शेजारचा केकच्या खोक्यांचा मालक पॅसेज ओला होतो म्हणून रोज भांडतो. आमच्या वेबसाइटवर मी याला 'जलनिद्रा' असं नाव दिलं आहे. शर्ट चार हजार आठशेला झाला आहे. कापड झोपतं त्याचे सहाशे. मास्तरांना वाढ मिळाली, फोनबद्दल म्हणून, सहाशेच. मात्र ती महिन्याला. माझी नोकरी पक्की व्हायचा काळ आणखी सहा महिने लांबला, आणि त्याला 'तुझ्या वाढीचा प्रवास' असं म्हणतात.

फोन मात्र वाढले. लोक आठवडाभर नोकऱ्या करतात आणि रविवारी शर्ट घालून आरशासमोर उभे राहतात. मास्तरांच्या गाववाल्यांच्या मंडळाची बैठक रविवारीच असते, घाटकोपरला एका शाळेच्या वर्गात, आणि तिथे कडाडून भांडायला ते वर्षानुवर्षं जात आले होते. आता भांडण रंगात आलं की खिशातला फोन वाजतो आणि प्रतिपक्ष हसतो. मी नंबर छापला, तेव्हा एक रविवार मी फोन सांभाळायचा, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. एकच. ते जास्त मागत नाहीत.

गेल्या महिन्यात मी गेलो. असल्फ्याच्या पायऱ्या चढून धापा टाकत पोचलो. मास्तर फोन माझ्या हातात देऊन, टेरिकॉटची कॉलर सारखी करून, भांडायला निघून गेले. अकरा वाजता नाशिकहून फोन आला. एका माणसाचा शर्ट समोरून तिरका दिसत होता, एक टोक वर, एक खाली. मी त्याला सांगितलं की सर, नैसर्गिक धागा आधी तुमच्या शरीराशी ओळख करून घेतो, त्याला थोडा वेळ द्या. वनमालाकाकू आतून पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"भाऊ, बटण एक घर चुकलंय. सगळी काढ आणि खालून वर लाव."

पलीकडे बटणं काढल्या-लावल्याची खुडबुड झाली. मग तो माणूस म्हणाला, थँक यू, आई.

त्यानंतर काकूंनी मला फोनला हात लावू दिला नाही. मला जेवायला वाढलं, दुपारच्या फोनांची उत्तरं स्वतः दिली, आणि मास्तर संध्याकाळी आल्यावर सगळं साद्यंत सांगितलं. ते ऐकत ऐकत हातपाय धुवून आले, बसले आणि माझ्या डाव्या खांद्याकडे बघून म्हणाले की झिला, हो रविवार धरलंय नाय. एक तुझ्याकडे बाकी आसा.

मी पुढच्या रविवारी येतो म्हणालो. त्याला आता पाच रविवार झाले. काल काकूंचा फोन आला होता, ह्या रविवारी येतोस का विचारायला असणार. मी उचलला नाही. आमची बैठक चालू होती, आणि बैठकीत फोन घेणं कंपनीच्या मूल्यांत बसत नाही.